भुऱ्याला हाक मारू नका

शकुनताई मोहोड परतवाड्याच्या एसटीवर कंडक्टर होत्या, तेव्हा त्या गाडीला घंटीची गरजच नव्हती, असं त्यांच्या डेपोतले ड्रायव्हर अजून सांगतात. "मधात सरका, मधात!" अशी त्यांची आरोळी गेली की दारात लोंबकळणारी माणसं तर सरकायचीच, पण शेजारच्या फलाटावरच्या दर्यापूर गाडीतलेही दोन-चार जण नकळत आत सरकायचे. पिऊन सीटवर आडवा झालेला माणूस त्यांच्या एका "ऊठ गा"वर उठून बसायचा. अंगानं त्या अगदी काडी. एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघतो कुठून, हे मला त्यांच्या शेजारी राहायला आल्यापासून पडलेलं कोडं आहे.

आमची घरं अमरावतीत, शेगाव नाक्याच्या पुढच्या वस्तीत. मधे छातीइतकी भिंत. भिंतीच्या या बाजूला मी, शाळेत भूगोल शिकवणारी पौर्णिमा. त्या बाजूला शकुनताई आणि त्यांचे यजमान खुशालराव. खुशालराव शिंपी. समोरच्या खोलीत मशीन टाकून बायकांची पोलकी आणि पोरांचे गणवेश शिवतात. बोलणं अगदी कमी. तुमचं दोघांचं जमलं कसं, असं कुणी गमतीनं विचारलं तर म्हणतात, "एकानं बोललं का दुसऱ्याले बोला नाई लागत."

घरासमोर त्यांचं शहाबादी फरशीचं अंगण आहे. उघडी माती बोटभरही नाही, तरी अंगण हिरवंगार. नोकरीत असताना शकुनताई कुठल्याच गावाहून रिकाम्या हातानं परत यायच्या नाहीत. थांब्याजवळच्या कुंपणावर गुलाब दिसला, की "आजी, एक फांदी द्या वं" म्हणून मागून घ्यायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या आणि ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी ठेवून द्यायच्या. प्रवासी बायका पुढे पुढे स्वतःहूनच रोपं आणून देऊ लागल्या. ती सगळी झाडं रंगाच्या डब्यांत, तेलाच्या पिप्यांत, फुटक्या बादलीत, एका जुन्या हेल्मेटमध्येसुद्धा लागलेली. आणि त्या अंगणात झाडांना झाडांची नावं नाहीत. गोडलिंब वलगावहून आला म्हणून तो वलगाव. मोगरा म्हणजे दर्यापूर. कुंडीतला संत्रा परतवाडा, गुलाब आसेगाव. पायऱ्यांच्या बाजूची सदाफुली मूर्तिजापूर.

"पौर्णिमा, वरनात टाकाले वलगाव तोडून ने," असं त्यांनी एकदा भिंतीवरून सांगितलं, तेव्हा पुण्याहून आलेली माझी नणंद माझ्या तोंडाकडे बघत राहिली होती.

शकुनताई निवृत्त झाल्या आणि तो सगळा आवाज त्या अंगणात येऊन राहिला. भाजीवाल्याला त्या आतून विचारायच्या, "वांगे कसे देल्ले?" आणि तो बिचारा गल्लीच्या दुसऱ्या टोकाहून उत्तर द्यायचा. कबुतरांना रागवायच्या. संत्र्याला फळ धरत नाही म्हणून संत्र्याला रागवायच्या. पण दुपारी मी माझ्या अंगणात आले की त्या दिसायच्या, पायरीवर बसलेल्या, पाण्याची झारी पायाशी, आणि नजर फाटकाकडे. रोज शेकडो माणसं चढता-उतरताना बघितलेल्या बाईला त्या फाटकातून कुणीच आत येत नाही, हे जड जात असावं. खुशालरावांनी ते ओळखलं होतं. त्यांनी अकोल्याला लेकीला फोन केला.

लेक म्हणजे प्राजक्ता. महालक्ष्म्यांना ती माहेरी आली ती एका हातात साखरेच्या सांजोऱ्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात बांबूची टोपली घेऊन. टोपलीवर ओढणी बांधलेली. ओढणी सोडली तर आत एक कुत्र्याचं पिल्लू. पांढरंधोप, नाक गुलाबी, आणि एक डोळा तपकिरी तर दुसरा निळसर.

"पातूरच्या वावरातलं हाय," प्राजक्ता म्हणाली. "बाकीचे तांबडे होते, ते लोकायनं नेले. हे एकटं राह्यलं. सासरे म्हनते, मंद हाय."

शकुनताईंनी पिल्लाला मानेला धरून उचललं, तोंडासमोर आणलं आणि तपासलं. पिल्लानं त्यांच्या नाकाला जीभ लावली.

"मंद कायचं? तोंडावरून त मोठं बिलंदर दिसते." मग त्यांनी निकाल दिला. "अर्धं तिकीट. पन सीट नाई भेटन. माह्या कुंड्याइच्या मधात उभ्यानं जा लागन."

आमच्याकडे पांढऱ्याला भुरं म्हणतात, आणि तो इतका पांढरा होता की दुसरं नाव सुचलंच नाही. भुऱ्या.

भुऱ्यानं पहिल्याच आठवड्यात दर्यापूर उपटलं. मोगऱ्याच्या कुंडीतली सगळी माती त्यानं फरशीवर काढली, त्या मातीत लोळला आणि तपकिरी होऊन कुंडीतच झोपला. दुसऱ्या आठवड्यात आसेगावच्या कळ्या खाल्ल्या. खुशालरावांच्या मशीनखालची चिंध्यांची पिशवी फाडून लाल, हिरव्या, पोपटी चिंध्यांनी अंगण सजवलं. आणि या सगळ्या वेळात शकुनताई ओरडत होत्या.

"भुऱ्या! ए भुऱ्या! सोड ते! आयकू येते का नाई बे तुले?"

आमच्या गल्लीतल्या लहानथोर सगळ्यांना त्या कुत्र्याचं नाव पाठ झालं. दूधवाल्याला झालं. कोपऱ्यावरच्या गिला वड्याच्या गाडीवाल्याला झालं. एका भुऱ्याला तेवढं झालं नाही. शकुनताई जितक्या जोरात ओरडत तितकी त्याची शेपटी जोरात हलायची. त्यांचं तोंड उघडलेलं बघून त्याला वाटायचं, बाईला आपलं काम आवडलं.

शकुनताईंना ते फार लागलं. मला एकदा भिंतीशी उभ्या राहून म्हणाल्या, "पौर्णिमा, खोटं नाई सांगत. आजपर्यंत माह्यं कोनी नाई आयकलं असं झालं नाई. आनी हे एवढुसं लेकरू मले मोजतच नाई."

"लहान आहे हो, शिकेल."

"लहान-मोठ्याची गोष्ट नाई. गाडीत लेकरं रडले ना, मी निस्तं 'गप' म्हनलं का चिप होत."

पलीकडच्या गल्लीतल्या कुणीतरी सल्ला दिला की वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन फटके द्या, सरळ होईल. शकुनताईंनी गुंडाळी केली. भुऱ्याजवळ गेल्या. तो दात लावून एक डबा ओढत होता. त्यानं वर बघितलं, गुंडाळी बघितली, खेळायला काहीतरी आलं म्हणून दोन पायांवर उभा राहिला आणि ती पळवून नेली. त्यानंतर फटक्यांचा विषय निघाला नाही.

मग दिवाळी आली.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. अंगणात शकुनताईंनी पायरीपासून फाटकापर्यंत पणत्या लावल्या होत्या, प्रत्येक कुंडीशी एक. भुऱ्याला आत कोंडायचं ठरलं होतं, पण तो दिवसभर पळून इतका थकला होता की फाटकाजवळच फरशीवर पसरला. गल्लीतल्या पोरांनी फाटकाबाहेर लवंगी फटाक्यांची लांबच लांब माळ पेटवली. कानात बोटं घालूनही ऐकवेना. नाक्यावरची सगळी मोकाट कुत्री कुठे कुठे दडून बसली होती. समोरच्यांचा मोठा अल्सेशियन पलंगाखाली शिरून थरथरत होता. त्या माळेनंतर एक सुतळी बॉम्ब फुटला. माझ्या हातातलं चिवड्याचं ताट पडलं.

भुऱ्या झोपलेला. त्याच्या कानाला वाऱ्याची झुळूक लागली असेल तेवढंच. त्यानं कान हलवला आणि कूस बदलली.

खुशालराव पायरीवर बसून हे बघत होते. ते उठले, स्वयंपाकघरातून पितळेची परात आणि लाटणं घेऊन आले. भुऱ्याच्या मागे वाकले आणि परातीवर एक दणका दिला. सगळी गल्ली वळून बघायला लागली. भुऱ्या घोरत होता.

"शकुन," खुशालराव म्हणाले, "त्याले आयकू येत नाई."

शकुनताईंना आधी कळेचना. मग त्या स्वतः जवळ गेल्या, भुऱ्याच्या कानाशी तोंड नेलं आणि त्यांच्या त्या आवाजात हाक मारली. काही नाही. त्यांचा श्वास मानेला लागला तेव्हा मात्र तो दचकून जागा झाला, त्यांना बघितलं आणि आनंदानं त्यांच्या मांडीत शिरला.

त्या तिथेच फरशीवर बसल्या. नव्या पैठणीला पणतीचं तेल लागलं, त्याचं भान नव्हतं.

"माय वं," त्या म्हणाल्या. "आनी मी याले काय काय नाई बोलली!"

"त्यानं आयकलं कुठी?" खुशालराव म्हणाले.

त्यावर शकुनताईंना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांना पदर लागला, पदराआडून पुन्हा हसू, आणि त्यांचं बघून आम्हीही हसायला लागलो. भुऱ्या एकेकाचं तोंड बघत शेपटी आपटत होता.

भाऊबीजेनंतर त्या त्याला जनावरांच्या डॉक्टर वर्षालीकडे घेऊन गेल्या. मी सोबत होते. डॉक्टरांनी मागून टाळ्या वाजवल्या, शिट्टी मारली, टेबल थोपटलं. टेबल थोपटल्यावर भुऱ्या वळला.

"हे त्याला पायाला जाणवलं, ऐकू नाही आलं," डॉक्टर म्हणाल्या. "अशा अगदी पांढऱ्या, निळ्या डोळ्याच्या कुत्र्यांमधे कधीकधी जन्मापासून असतं हे. बाकी एकदम धडधाकट आहे. मोकळा सोडू नका रस्त्यावर. आणि काकू, हातानं शिकवा. खुणा करा. ही कुत्री छान शिकतात."

"हातानं?" शकुनताईंनी विचारलं, आणि परत येताना रिक्षात त्या नुसत्या आपल्या तळहातांकडे बघत राहिल्या. मला वाटलं, खचल्या. नाक्याजवळ आल्यावर एकदम म्हणाल्या, "गुरुवारचा परतवाड्याचा बाजार असला का गाडीत अशी गर्दी राहे, का माहा आवाज बी ड्रायवरपाशी पोचत नव्हता. मंग आरशात पाहून हातानंच सांगो. थांब. चाल. मांगच्या दारातून उतरून राह्यले. सगळं हातानंच." आणि त्यांनी रिक्षातच हात करून दाखवले. रिक्षावाला थांबला.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात शाळा भरली. तळहात समोर धरला की थांब. तर्जनी गोल फिरवली की ये. दोन्ही हात खाली दाबले की बस. बोट नाकासमोर हलवलं की नाही, ते कुंडीतलं आहे. भुऱ्याचं लक्ष दुसरीकडे असलं की त्या फरशीवर पाय आपटायच्या. फरशी थरथरली की तो वळायचा. बरोबर केलं की भाकरीचा तुकडा आणि अंगठा वर. पहिले काही दिवस त्याला तुकडा तेवढा कळला. मग एका सकाळी तो दर्यापूरच्या कुंडीत पंजा घालणार, एवढ्यात शकुनताईंनी बोट हलवलं. त्यानं पंजा हवेत धरला. बोटाकडे बघितलं. कुंडीकडे बघितलं. पुन्हा बोटाकडे. आणि पंजा खाली ठेवला.

मी भिंतीशीच होते. शकुनताई माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा असा होता, जणू रिकामी गाडी एकाच थांब्यावर भरली.

गंमत पुढेच झाली. खुणा करताना ओरडायची गरज नाही, हे त्यांच्या तोंडाला हळूहळू कळलं. सकाळचा गलका बंद झाला. झाडांना रागवणंही थांबलं, कारण हलणारं तोंड दिसलं की भुऱ्याला वाटायचं आपल्याशीच बोलतात, आणि तो काम टाकून यायचा. चार दिवस अंगणातून आवाज नाही, तशी गल्ली घाबरली. भाजीवाल्यानं मला थांबवून विचारलं, "मॅडम, कंडक्टरबाई बीमार हायेत का?" समोरच्या घरची वच्छलाबाई तर लिंबू, सफरचंद आणि ग्लुकोजचा पुडा घेऊन भेटायला गेली. शकुनताई तिला फाटकातच उभ्या दिसल्या, तळहात समोर धरून. वच्छलाबाई जागीच थांबली. भुऱ्याही थांबला. दोघांनाही मग अंगठा मिळाला.

खुणा हळूहळू घरात शिरल्या. खुशालरावांच्या तोंडात नेहमी टाचण्या. ते मशीनवरूनच दोन बोटं ओठांशी नेऊन चहा मागू लागले. शकुनताई तर्जनी फिरवून त्यांना जेवायला बोलावू लागल्या. एकदा काहीतरी बिनसलं असावं. मी बघितलं, तर दोघं अंगणाच्या दोन टोकांना उभे राहून हातवारे करत भांडत होते, आणि भुऱ्या मधे बसून दोघांच्याही आज्ञा पाळता पाळता हैराण झाला होता. बस, ये, थांब, नाही, ये. शेवटी तो पाठ करून झोपला. त्या दोघांना हसू आलं आणि भांडण तिथेच संपलं.

एप्रिलमध्ये ऊन तापलं. आमच्याकडे त्या दिवसांत माणूस कूलरसमोरून हलत नाही. अंगणावर हिरवी जाळी बांधली, कुंड्या भिंतीच्या सावलीला सरकवल्या. कूलरच्या ताट्या बदलायला इनायतुल्लाचाचा आले. ते गल्लीतल्या सगळ्यांचेच कूलर बघतात, दर वर्षी. जुन्या ताट्यांचं गवत बाहेर टाकायला ते सायकलपर्यंत दोन-तीन वेळा गेले-आले, आणि हातात ओझं असल्यानं फाटक एकदा उघडंच राहिलं.

शकुनताई आतून लिंबाचं सरबत घेऊन आल्या. कूलरच्या पुढ्यात, जिथे तो रोज पोट लावून पडायचा, ती फरशी रिकामी. कुंड्यांमागे नाही. मशीनखाली नाही. मग त्यांना उघडं फाटक दिसलं.

मी ऐकलं ते एकच. "भुऱ्या!" कित्येक महिन्यांनी, पूर्ण आवाजात. गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. आणि तेवढ्यात तो आवाज अर्ध्यावर तुटला. मी धावत बाहेर आले तर शकुनताई रस्त्याच्या मधे उभ्या होत्या, तोंडावर हात धरून.

"काय करू वं मी?" त्या मला म्हणाल्या. "हाक कशी मारू त्याले?"

इनायतुल्लाचाचा सायकलवर टांग टाकून मोटारसायकलला किक मारावी तसे पायडल मारत होते. "बाई, माहीच गलती झाली. मी नाक्याकडं पाह्यतो, या खुदा!"

नाक्यावरचा रस्ता म्हणजे दिवसभर ट्रक आणि एसट्या. वच्छलाबाई बाहेर आली, तिच्या घरचे आले, गिला वड्यावाला झारा हातात घेऊन आला. ज्याला त्याला विचारायचं होतं, कुणीकडे गेला, कधी गेला. शकुनताईंनी एकदा सगळ्यांकडे बघितलं, कंबरेला पदर खोचला आणि बाजूच्या ओट्यावर चढल्या.

"आयका!" त्या म्हणाल्या, आणि गल्ली दोन्ही टोकांना थांबली. "पांढरं कुत्रं. एक डोळा निळा. त्याले आयकू येत नाई, हाका मारू नोका! मांगून धरू नोका, भेते ते! समोर जा, दिसू द्या, आनी हात असा करा!" त्यांनी तळहात समोर धरला. "असा! मंग ते थांबते! दोघं पान्याच्या टाकीकडं जा. दोघं शाळेकडं. नाक्यावर मी चालली. सरका, निंगा!"

मला तो देखावा विसरता येत नाही. रणरणत्या उन्हात आमची सगळी गल्ली, बायका, म्हातारे, पोरं, तळहात पुढे धरून निघाली. तोंडातून कुणी चकार शब्द काढत नव्हतं. टाकीकडून येणारा एक मोटारसायकलवाला ते सगळे हात बघून घाबरला आणि गाडी बंद करून कडेला उभा राहिला.

नाक्याजवळ पोहोचायच्या आधीच हॉर्न ऐकू आले. एक नव्हे, पुष्कळ. रस्ता दोन्ही बाजूंनी तुंबलेला. सगळ्यात पुढे परतवाड्याची एसटी, तिच्यामागे ट्रक, ट्रकमागे कार. ड्रायव्हर हॉर्नवर हात दाबून बसला होता. प्रवासी खिडक्यांतून माना काढून ओरडत होते. आणि एसटीच्या पुढे, डांबरी रस्त्यावर पडलेल्या तिच्याच सावलीत, भुऱ्या पोट लावून मजेत पडला होता. त्याला थंड जागा सापडली होती. हॉर्नशी त्याचं काही घेणं नव्हतं. कुणीतरी मागून हाकलायला काठी घेऊन येत होतं.

"काठी खाली!" शकुनताई गरजल्या. काठीवाला थबकला. एसटीचा हॉर्नही बंद झाला, कारण ड्रायव्हरनं आवाज ओळखला.

"मोहोडबाई?"

वळसा घालून त्या भुऱ्याच्या समोर गेल्या, थोड्या लांब, त्याला दिसेल अशा. पाय भाजत असणार; घाईत चपला घातल्याच नव्हत्या. भुऱ्यानं डोळा किलकिला केला. त्यांनी तर्जनी गोल फिरवली.

तो उठला, अंग झाडलं, आणि एसटी, ट्रक, कार, सगळ्यांच्या देखत कान उडवत त्यांच्याकडे पळत गेला. शकुनताईंनी त्याला उचललं. तो आता काही लहान राहिला नव्हता. त्याचे मागचे पाय त्यांच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. खिडक्यांतली माणसं टाळ्या वाजवायला लागली. एक म्हातारा ड्रायव्हरला विचारत होता, "सर्कशीतलं हाय का गा?"

"बाई, जाऊ का?" ड्रायव्हरनं वरून विचारलं.

दोन्ही हातांत कुत्रं असल्यामुळे शकुनताईंनी नुसती मान हलवली. गाडी हलली.

परत येताना इनायतुल्लाचाचा सायकल हातात धरून त्यांच्या बाजूनं चालत होते आणि पुन्हा पुन्हा माफी मागत होते. शेवटी शकुनताई थांबल्या. "चाचा, कूलर अर्धा सोडून आले ना तुमी? मंग चाला की. आत्ता गरमीनं मरून राह्यलो आमी." चाचांच्या जिवात जीव आला. त्या दिवशी त्यांनी कूलर तर नीट केलाच, पण दुसऱ्या दिवशी घरून एक मोठी स्प्रिंग आणून फाटकाला बसवली. आता ते फाटक आपोआप आणि धाडकन बंद होतं. एकदा माझा पदर त्यात अडकला होता.

खुशालरावांनी त्याच संध्याकाळी लाल कॅनव्हासचा पट्टा शिवायला घेतला. त्यावर पिवळ्या दोऱ्यानं, गणवेशाच्या खिशावर शाळेचं नाव भरतात तशा अक्षरांत, त्यांनी भरलं: "मला ऐकू येत नाही. हाक मारू नका. हात दाखवा." खाली फोन नंबर. अक्षरं इतकी सुबक आली की शकुनताईंनी पट्टा आधी सगळ्या गल्लीला दाखवला, मग भुऱ्याला घातला.

त्या दिवसानंतर फाटकाशी वर्दळ वाढली. तळहाताची खूण सगळ्यांना माहीत झाली होती, ती वापरून बघायची होती. शाळेत जाणारी पोरं फाटकाबाहेर हात धरून उभी राहायची, भुऱ्या थांबायचा, पोरं खूश. वच्छलाबाई रोज संध्याकाळी शिळ्या पोळीचा तुकडा घेऊन येते आणि तास तास बसते. भाजीवाला आता ओरडतच नाही. फाटकाशी येऊन वांगं वर धरून दाखवतो आणि शकुनताई आतूनच हो किंवा नाही करतात. परवा प्राजक्ता अकोल्याहून आली, तर अंगणात बसायला जागा नव्हती. "आई, इथं त स्टँड झालं," ती म्हणाली.

काल संध्याकाळी मी चहाची पूड मागायला गेले होते. जाळीतून येणारं ऊन उतरलं होतं, फरशीवर नुकतंच पाणी मारलेलं, तिचा वाफाळलेला वास येत होता. शकुनताई पायरीवर बसल्या होत्या आणि भुऱ्या त्यांच्या दोन्ही पायांवर छाती टाकून गाढ झोपला होता. तो नेहमी असाच झोपतो, कुणाच्या तरी अंगाला टेकून. ते माणूस उठलं तर आपल्याला कळावं म्हणून.

"पूड आत डब्यात हाय, तूच घे," त्या अगदी हळू म्हणाल्या. भुऱ्याला ऐकू येणार नव्हतं, तरी हळू. "मी उठली का हा उठते. आनी तठीसा गेलीच हायेस त आमचा बी चहा मांड. तिघाइचा."

खुशालरावांनी मशीनवरून दोन बोटं वर केली. साखर कमी, असा त्याचा अर्थ होतो. मला आता तेही कळतं.